वाइड अँगल फोटोचे कोपरे सॉफ्ट येतात: लेन्स बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "लेन्स शार्प नाही." १६ मिमीवर काढलेला फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा केला, मधला भाग बरा दिसला, कोपऱ्यातल्या गवताचा मात्र लगदा झालेला दिसला आणि लेन्स विकायला काढली. मग दुप्पट किमतीची लेन्स येते आणि पुढच्या ट्रेकला गवताचा तोच कोपरा पुन्हा तसाच येतो. दोष फोकसच्या अंतरात, वाऱ्यात, हाताच्या हलण्यात नाहीतर पुढच्या काचेवरच्या बोटाच्या ठशात असला, तर लेन्स बदलून तो जाणार कसा?

वाइड अँगलच्या काही कामांत लेन्सचा शार्पनेस फार महत्त्वाचा असतो. ती कामं खाली येतील. पण शार्पनेस खाणारी इतर कारणं बाजूला केल्याशिवाय लेन्सबद्दल निकाल देता येत नाही.

पुढचे सगळे आकडे २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरची) बॉडी आणि १६ मिमी लेन्स धरून काढले आहेत. या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) असतो. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सरवर तेवढ्याच मेगापिक्सेलला तो ३.९ मायक्रॉनच्या आसपास येतो. कॅननची १०-१८ किंवा निकॉनची १०-२० वापरत असाल तर १० मिमीला साधारण एवढंच रुंद दृश्य फ्रेममध्ये मावतं.

आधी बघा, सॉफ्ट नेमकं कुठे आहे

फोटो उघडून मध्य, चार कोपरे आणि चार कडांचे मधले भाग असे नऊ ठिकाणी बघा. सॉफ्टपणाचा आकार बरंच काही सांगून जातो.

सगळी फ्रेम सारखीच सॉफ्ट असेल तर कॅमेरा हललाय, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) फार छोटं केलंय, नाहीतर काच किंवा फिल्टर खराब आहे. वरचा अर्धा भाग, म्हणजे दूरचा डोंगर, सॉफ्ट आणि खालचा शार्प असेल तर फोकस फार जवळ पडलाय. उलट असेल तर फार दूर. मध्य शार्प आणि चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील तर लेन्सचा स्वभाव, फील्ड कर्व्हेचर (फोकसची पातळी वाकलेली असणं) किंवा सॉफ्टवेअरने केलेली दुरुस्ती यांपैकी काहीतरी आहे. एकच बाजू किंवा एकच कोपरा सॉफ्ट असेल तर मात्र जपून, कारण तिथे काचेवरचा डाग, लेन्स माउंट किंवा लेन्सच्या आतलं भिंग सरकलेलं असण्याची शक्यता येते.

एकच बाजू सॉफ्ट असेल तर एक सोपी खात्री करून घ्या. दूरच्या देखाव्याचा एक फोटो सरळ काढा आणि दुसरा फोटो कॅमेरा उलटा, म्हणजे १८० अंश फिरवून काढा. सॉफ्ट बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरली तर दोष कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये आहे. ती देखाव्याच्याच बाजूला राहिली तर तिथली वस्तू जवळ होती, हलत होती किंवा धुक्यात होती.

समोरच्या डोंगरावरचं झाड पाच पिक्सेलचं असतं

वाइड अँगलबद्दलची सगळ्यात मोठी निराशा इथून येते. पाच किलोमीटरवरच्या डोंगरावर १० मीटर उंचीचं झाड आहे. १६ मिमीला त्याची सेन्सरवरची उंची ०.०३२ मिमी, म्हणजे पाच पिक्सेल. पाच पिक्सेलांत फांद्या कुठून दिसणार? जगातली सर्वांत महाग वाइड लेन्स लावली तरी तो हिरवा ठिपकाच राहतो. त्यात दुपारी तापलेल्या कातळावरची हवा थरथरते आणि कोकणाकडून येणारा दमटपणा कॉन्ट्रास्ट खातो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून समोरच्या रांगांतला बारकावा हवा असेल तर तो ७०-२०० मिमी टेलीफोटो लेन्सचा विषय आहे. २०० मिमीला तेच झाड ६५ पिक्सेलांच्या पुढे जातं.

म्हणून वाइड अँगलमध्ये बारकावा असतो तो जवळच्या वस्तूंत. फोटो शार्प वाटतो की नाही हे पायाजवळचा खडक, फूल, पायरी ठरवते. आणि जवळची वस्तू म्हटली की सगळा खेळ फोकसचा.

फोकस: हायपरफोकलचा जुना तक्ता इथे दगा देतो

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये १६ मिमी, एफ/८ (एफचा आकडा मोठा तेवढं भोक छोटं) टाकलं की हायपरफोकल अंतर साधारण १.१ मीटर येतं. तिथे फोकस करा, अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प, असं ते अ‍ॅप सांगतं. त्यामागचं गृहीतक असं की एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंत पसरला तरी चालेल. हा आकडा फिल्मच्या काळातला, साधारण ८ बाय १० इंचाचा प्रिंट हातात धरून पाहण्याच्या हिशोबाचा. आजच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर ०.०३ मिमी म्हणजे पाच पिक्सेल. दूरच्या डोंगराचा प्रत्येक बिंदू पाच पिक्सेलांत पसरतो आणि शंभर टक्क्यांवर बघणारा म्हणतो, लेन्स सॉफ्ट आहे. अ‍ॅपमध्ये हा आकडा बदलायची सोय असेल तर ०.०१२ टाका. हायपरफोकल अंतर २.७ मीटरच्या आसपास जातं आणि दूरचा ठिपका दोन पिक्सेलांवर येतो.

अ‍ॅप न वापरताही हिशोब जमतो. एफ/८ ला सगळ्यात जवळची वस्तू ३ मीटरच्या पुढे असेल तर सरळ दूरच्या डोंगरावर फोकस करा. तीन मीटरवरची वस्तूसुद्धा दोन पिक्सेलांहून कमी पसरते. त्याहून जवळ काही असेल तर त्या वस्तूच्या अंतराच्या दुप्पट अंतरावर फोकस करा, म्हणजे जवळचं आणि दूरचं सारखंच पसरतं. अंतर लेन्सच्या टोकापासून मोजायचं नाही. बॉडीवर गोलातून आडवी रेघ गेलेली जी खूण असते, तिथे सेन्सर आहे, तिथून मोजायचं.

आता दुप्पट अंतराचा हा नियम कुठे तुटतो ते बघा. वस्तू दीड मीटरवर, फोकस ३ मीटरवर, एफ/८: दोन्ही टोकांना दोन पिक्सेलांच्या आत, उत्तम. वस्तू ७५ सेंटिमीटरवर, फोकस दीड मीटरवर: साडेतीन पिक्सेल. एफ/११ केलं तर अडीचच्या जवळ, चालण्यासारखं. वस्तू ४० सेंटिमीटरवर, फोकस ८० वर: एफ/८ ला सात पिक्सेल, एफ/११ लाही पाच. कास पठारावर गुडघे टेकून तेरड्याच्या झुबक्याला लेन्स भिडवणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. फूल आणि मागचं क्षितिज दोन्ही एका फ्रेममध्ये शार्प येत नाही आणि एवढ्या पसरण्यापुढे दोन लेन्समधला फरक पूर्ण झाकला जातो.

अशा वेळी दोनच रस्ते. एक फोकस स्टॅकिंगचा: ट्रायपॉडवर एफ/८ ला तीन फ्रेम, फोकस साधारण ४५ सेंटिमीटर, ९० सेंटिमीटर आणि अनंतावर, मग सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या. हवा पूर्ण पडलेली असेल तरच हे जमतं. फुलं दोन फ्रेमच्या मध्ये हलली की पाकळ्या दुहेरी दिसतात. दुसरा रस्ता म्हणजे एका टोकाचा निर्णय घेणं. आमच्या मते फुलावर फोकस पक्का ठेवावा आणि डोंगर थोडा सोडावा. पठारावर अशीही धुक्याची ओढणी असते. सॉफ्ट डोंगर डोळ्याला खटकत नाही, सॉफ्ट फूल लगेच खटकतं.

फोकस प्रत्यक्ष करताना लेन्सवरच्या अंतराच्या खुणांवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूत त्या अंतरावरचा एखादा दगड निवडा, दृश्य दहा पट मोठं करा, फोकस करून मॅन्युअलवर टाका. झूम केल्यानंतर फोकस पुन्हा घ्यायचा, कारण बऱ्याच झूम लेन्स फोकल लेंग्थ बदलली की फोकस धरून ठेवत नाहीत. ऑटोफोकस वापरत असाल तर एक छोटा पॉइंट निवडा. सगळा भाग कॅमेऱ्यावर सोडला तर तो जवळचं गवताचं पातं पकडतो.

वारा आणि हात

४० सेंटिमीटरवरचं फूल सेकंदाला १० सेंटिमीटर एवढंच हललं, म्हणजे अगदी मंद झुळकीत डुललं, तरी १/६० सेकंदात त्याची प्रतिमा सेन्सरवर अकरा-बारा पिक्सेल सरकते. १/५०० ला दीड पिक्सेलच्या आत येते. 'सीतेची आसवं' या रानफुलासारखं इवलंसं, एक सेंटिमीटरचं फूल या अंतरावरून फोटोत जेमतेम ७० पिक्सेलांचं असतं. त्यात बारा पिक्सेलांची ओढ म्हणजे पाकळीची कड गेलीच. ट्रायपॉड इथे उपयोगाचा नाही. तो कॅमेरा धरतो, फूल धरत नाही. आयएसओ ८०० किंवा १६०० करा, शटर १/५०० वर न्या. त्याने वाढलेला नॉईज (दाणेदारपणा) पुढे कमी करता येतो, ओढलेली कड परत येत नाही.

हातात धरून काढताना "वाइड आहे, १/१५ चालतं" हा समज कोपऱ्यांचं नुकसान करतो. कॅमेरा थोडासा वर-खाली किंवा आडवा फिरला तर १६ मिमीच्या कोपऱ्यातली प्रतिमा मध्यापेक्षा जवळजवळ २.८ पट सरकू शकते, कारण सरळ रेषा सरळ ठेवणारी वाइड लेन्स कोपरा ताणूनच दाखवते. शिवाय शटर दाबताना कॅमेरा बोटाच्या बाजूला किंचित कलतो. त्यात मध्य जागेवर राहतो आणि फक्त कोपरे फिरतात. असा फोटो पाहून कोणीही म्हणेल, मध्य शार्प, कोपरे सॉफ्ट, म्हणजे लेन्स वाईट. १/६० च्या खाली हातात काढू नका. स्टॅबिलायझेशन सुरू असलं तरी ते मुख्यतः मध्य सांभाळतं, कोपऱ्यांची पूर्ण हमी देत नाही.

काचेवरचा एक ठसा, फोटोचा एक कोपरा

वाइड लेन्सची पुढची काच मोठी आणि फुगीर असते, पण एफ/८ ला प्रकाशाची वाट १६ मिमीला फक्त २ मिमी रुंद असते. फोटोचा प्रत्येक भाग पुढच्या काचेच्या वेगळ्या तुकड्यातून येतो. मध्य काचेच्या मध्यातून, उजवा कोपरा उजव्या कडेच्या तुकड्यातून. त्यामुळे टेलीफोटोवर अजिबात न जाणवणारा बोटाचा ठसा वाइडवर नेमका एक कोपरा धूसर करतो आणि आतलं भिंग सरकल्याचा संशय येतो. ठसा कॅमेऱ्यामागून पाहताना उजवीकडे असेल तर फोटोतही उजवीकडे दिसतो. कोणतीही चाचणी करण्याआधी ब्लोअर मारा, मग मायक्रोफायबर कापडावर लेन्स क्लीनरचा एक थेंब घेऊन मध्यापासून बाहेर पुसा. थेंब थेट काचेवर टाकायचा नाही, तो कडेने आत जाऊ शकतो.

पावसाळ्यात माळशेज, भंडारदऱ्याला एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की थंड काचेवर दव धरतं. पुढची काच पुसता येते, मागच्या भिंगावरचं दिसतही नाही आणि सगळा फोटो फिका येतो. पोहोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करा किंवा बॅग बंद ठेवूनच तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

बुरशीसाठी मागचं झाकण काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत लेन्स चामड्याच्या किंवा कापडी कव्हरमध्ये कपाटात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की तापवून कोरडे करायचे.

फिल्टरचंही तेच. स्वस्त यूव्ही फिल्टर काढून एक फोटो घ्या, लावून एक घ्या. फरक दिसला तर तो फिल्टर घरी ठेवा. एकावर एक दोन फिल्टर १६ मिमीला कोपरे काळे करतात.

"शार्प हवा म्हणून एफ/२२ ठेवला होता"

हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. छोट्या भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि हे पसरणं काचेच्या दर्जावर अवलंबून नाही. हिरव्या प्रकाशाचा ठिपका एफ/८ ला साधारण ११ मायक्रॉन, एफ/११ ला १५, एफ/१६ ला २१ आणि एफ/२२ ला जवळजवळ ३० मायक्रॉन होतो. म्हणजे एफ/२२ ला फुल फ्रेमवर पाच पिक्सेल, क्रॉपवर सात-साडेसात. फुल फ्रेमला एफ/८ ते ११, क्रॉपला एफ/५.६ ते ८ ही रोजची जागा. धबधब्याचं पाणी रेशमी हवं म्हणून शटर लांबवायचं असेल तर एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावा, एफ/२२ नको.

दुरुस्ती आणि ताण

आजच्या बऱ्याच लहान, हलक्या वाइड लेन्स सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवून बनवलेल्या असतात. २०२१ मध्ये आलेली कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ त्यातलीच, दुरुस्ती बंद करून रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल उघडली तर रेषा फुगलेल्या आणि कोपरे काळे दिसतात. दुरुस्ती कोपरा ताणून सरळ करते आणि अंधार उजळवते. ताणलेले पिक्सेल सॉफ्ट दिसतात, उजळवलेल्या अंधारात नॉईज वर येतो, आणि नॉईज रिडक्शन जास्त असेल तर उरलासुरला बारकावा पुसला जातो. लेन्स तपासताना दुरुस्ती बंद ठेवा. रोजच्या कामात ल्युमिनन्स नॉईज रिडक्शन कमी करून पाहा, शार्पनिंगची रेडियस ०.७ ते ०.८ ठेवा. कोपऱ्यातलं गवत बरंच सावरतं.

लग्नाच्या हॉलमधल्या ग्रुप फोटोत कडेची मावशी रुंद आणि सॉफ्ट का दिसते, त्याचं उत्तरही इथेच आहे. १६ मिमीला आडव्या कडेला उभ्या माणसाचा चेहरा उंचीच्या मानाने दीडपट रुंद येतो. २४ मिमीला सव्वापट, ३५ मिमीला फक्त आठव्या भागाने जास्त. लेन्स कितीही चांगली असली तरी हे बदलत नाही. मागे सरका, ३५ मिमी लावा, तीन रांगा असतील तर एफ/५.६ किंवा ८ ठेवा.

चार कोपऱ्यांची चाचणी

वरचं सगळं निस्तरूनही शंका राहिली, तर आता लेन्स तपासा. सकाळी लवकर, हवा थरथरायला लागण्याआधी, दोनशे मीटरच्या पुढची खिडक्यांची इमारत किंवा मोबाइल टॉवर निवडा.

१. ट्रायपॉड, आयएसओ १००, रॉ, दोन सेकंदांचा टायमर. स्टॅबिलायझेशन आणि लेन्स दुरुस्ती बंद. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं.
२. टॉवर फ्रेमच्या मध्यात घ्या, लाइव्ह व्ह्यूत मोठा करून फोकस करा, मॅन्युअलवर टाका. यानंतर फोकस रिंगला हात लावायचा नाही.
३. एक फोटो मध्यात. मग कॅमेरा फिरवून तोच टॉवर एकेका कोपऱ्यात आणून चार फोटो.
४. हेच एफ/८ ला पुन्हा.
५. टॉवर सगळ्यात सॉफ्ट आलेल्या कोपऱ्यात ठेवा, त्या कोपऱ्यातच फोकस पुन्हा करा आणि एक फोटो घ्या.

चारही कोपरे सारखेच सॉफ्ट आणि पुन्हा फोकस केल्यावर शार्प झाले, तर ते फील्ड कर्व्हेचर: फोकसची पातळी सपाट नसून वाटीसारखी वाकलेली आहे. मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे फोकस करा, एफ/८ ठेवा, काम भागतं. पुन्हा फोकस करूनही चारही सॉफ्टच राहिले, तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एफ/८ ला सुधारणा दिसेल. एकच कोपरा वाईट आणि फोकस केल्यावर तो शार्प झाला, तर कुठेतरी तिरकेपणा आहे. दुसरी लेन्स लावून बघा. तोच कोपरा पुन्हा सॉफ्ट आला तर संशय बॉडीच्या माउंटवर. एकच कोपरा वाईट आणि कशानेही सुधारत नाही, तर आतलं भिंग मध्यावरून सरकलंय.

अ‍ॅडॅप्टर वापरणाऱ्यांनी आधी तो काढावा. वाइड लेन्सला अ‍ॅडॅप्टरच्या जाडीतली ०.०५ मिमीची चूक पुष्कळ होते: १६ मिमीला तेवढ्याने अनंताचा फोकस पाच मीटरवर येतो. तोच अ‍ॅडॅप्टर ८५ मिमीला निमूट काम करतो, म्हणून संशय वाइड लेन्सवर जातो.

लेन्सचा शार्पनेस खरोखर कुठे लागतो

रात्रीच्या आकाशासाठी, हे पहिलं. एफ/२.८ पूर्ण उघडं, आणि तारा हा बिंदू असल्यामुळे लपायला जागाच नाही. इथेही आधी दोष ओळखा. २० सेकंदांत १६ मिमीला आकाशाच्या विषुववृत्ताजवळचे तारे फ्रेमच्या मध्यात चार पिक्सेल ओढले जातात, म्हणून ५०० भागिले फोकल लेंग्थ हा जुना नियम, जो ३१ सेकंद देतो, सैल आहे. १० सेकंदांचा एक फोटो घेऊन तुलना करा. तारे आकाशाच्या फिरण्याच्या दिशेने रेघेसारखे ओढले असतील तर वेळ जास्त झाला. प्रत्येक कोपऱ्यात वेगवेगळ्या दिशेने पंख फुटलेले असतील तर तो लेन्सचा कोमा आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझम. त्यावर अ‍ॅपर्चर एफ/४ करणं किंवा कोमा कमी असलेली लेन्स घेणं हेच उपाय. सॅमयांगची १४ मिमी एफ/२.८ महाग नसूनही आकाश टिपणाऱ्यांत चालली ती याचमुळे, जरी सरळ भिंतीला ती लाटेसारखा आकार देते.

दुसरं काम लेण्यांचं. अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते, प्रकाश कमी, अ‍ॅपर्चर उघडं, आणि छताची नक्षी थेट कोपऱ्यापर्यंत पोहोचलेली. तिथे कोपऱ्यातही विषयच असतो. चांगल्या लेन्सवरचे पैसे दिसतात. तिसरं, भिंतीवर लावायचे मोठे प्रिंट. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो १२ बाय १८ इंचाला इंचामागे ३३० पिक्सेल देतो, तिथे कोपऱ्यातला दोन पिक्सेलांचा फरक कोणी पकडणार नाही. ३६ इंच रुंदीला १६७ उरतात आणि जवळ जाऊन पाहणाऱ्याला तो दिसतो. मोबाइलवर १०८० पिक्सेलांत टाकायच्या फोटोत मूळचे साडेपाच पिक्सेल एकात मिसळतात. तिथे किट लेन्स १८ मिमीला, एफ/८ वर, फोकस बरोबर असेल तर कमी पडत नाही.

लेन्स नवी असेल आणि चाचणीत एकच कोपरा सतत वाईट आला, तर बदलून देण्याची मुदत संपण्याआधी परत करा. मुदत गेली असेल तर सर्व्हिस सेंटरला लेन्स आणि बॉडी दोन्ही द्या. सोबत चाचणीच्या रॉ फाइल पेन ड्राइव्हवर द्या आणि कागदावर लिहा की कोणता कोपरा, कोणतं अ‍ॅपर्चर, किती फोकल लेंग्थ, आणि त्या कोपऱ्यात पुन्हा फोकस केल्यावर काय झालं. नुसतं "सॉफ्ट येतंय" लिहून दिलेली लेन्स मध्यात तपासली जाते आणि ठीक आहे म्हणून परत येते. आणि समोरच्या रिंगचे स्क्रू घरी सोडू नका. काही लेन्समध्ये पुढचं भिंग मध्यावर आणायची जुळवणी तिथेच असते.